पती-पत्नी एकत्रीकरण आणि दुसरा टॅब

नागपुरातल्या हुडकेश्वरच्या प्रशिक गजभियेने त्या मे महिन्यात एकच काम काढलं होतं आणि तेही बसल्या जागी होण्यासारखं. बायकोला घरी आणायचं. पूर्वीच्या माणसाला त्यासाठी सासरी जाऊन चार दिवस तोंड पाडून बसावं लागत असे. प्रशिकला फक्त एक फॉर्म भरायचा होता. शिवाय नंदिनी काही रुसून गेलेली नव्हती. दोघंही एकाच सरकारी खात्यात कारकून; तो नागपूरच्या जिल्हा कार्यालयात आणि ती पार गडचिरोलीच्या पलीकडे, मोहटोल्याला. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि त्यातली चार वर्षं दोघांच्या मध्ये एक एसटी, एक काळी-पिवळी जीप आणि साडेसात तास उभे होते. ती दीड-दोन महिन्यांनी दोन दिवस यायची. पहिला दिवस झोपण्यात जायचा, दुसरा घर आवरण्यात, आणि नवऱ्याशी काही बोलावं म्हणेपर्यंत बसची वेळ व्हायची.

यंदा खात्याला दया आली. 'पती-पत्नी एकत्रीकरण' असं भारदस्त नाव देऊन खात्याने ऑनलाइन अर्ज मागवले. परिपत्रकात लिहिलं होतं : 'सदर पोर्टल केवळ संगणकावरच उघडावे. भ्रमणध्वनीवर उघडून काही बिघडल्यास खाते जबाबदार राहणार नाही.' मुदत दहा दिवसांची. मोहटोल्याच्या कार्यालयात संगणक होता, पण त्यावर अजून प्लास्टिकचं कव्हर होतं आणि इंटरनेट पावसाळ्यानंतर येणार होतं. कोणत्या पावसाळ्यानंतर, ते ठरायचं होतं. तेव्हा नंदिनीचा अर्ज प्रशिकने आपल्या घरच्या संगणकावरून भरायचा असं ठरलं. फक्त लॉगिन करताना सहा आकड्यांचा ओटीपी नंदिनीच्या फोनवर येणार, आणि नंदिनीच्या फोनला नेटवर्क गावच्या पाण्याच्या टाकीवर, जिन्याच्या तिसऱ्या वळणावर तेवढं मिळायचं. म्हणून सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, तिने टाकीवर चढायचं आणि त्याने संगणकासमोर बसायचं. एवढ्या तयारीत पूर्वी लोक लढाईला निघत.

पहिल्या सकाळी प्रशिकने पोर्टलचा पत्ता टाकला आणि पडद्यावर एक लहानसं निळं चाक फिरू लागलं.

"उघडलं का?" टाकीवरून नंदिनीने विचारलं.

"फिरून राहिलं."

"फिरू द्या. मी बसते पायरीवर." मग थोड्या वेळाने म्हणाली, "काल अंबाडीची भाजी केली. एकटीसाठी करताना अंदाजच येत नाही वं माय, दोन दिवस तेच खाऊन राहिली."

चाक फिरत राहिलं. भाजीवरून गोष्ट कार्यालयातल्या गळक्या छतावर गेली, तिथून हुडकेश्वरच्या घरातल्या गळक्या नळावर, तिथून लग्नात तिच्या मामाने घातलेल्या जांभळ्या सफारीवर. दोघंही हसले. असं निवांत हसणं फोनवर कधी झालं होतं ते प्रशिकला आठवेना. एरवी तिला टाकीवर चढायला वेळ नसायचा आणि तो कार्यालयात असायचा. चाळीस मिनिटांनी पान उघडलं, ओटीपी आला, तिने वाचून दाखवला, त्याने टाकला आणि पोर्टल म्हणालं, 'आपले सत्र संपले आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' प्रशिकने पोर्टलला जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संगणक हळू चालतोय हे प्रशिकने फक्त शेजारच्या दादाजींना सांगितलं. म्हणजे दुपारपर्यंत ते सगळ्या गल्लीला कळलं. संगणक ही अशी वस्तू आहे की चांगली चालत असली तर तिच्याकडे कोणी बघत नाही, आणि अडली की ज्याला त्यातलं सगळ्यात कमी कळतं तो सगळ्यात आधी येतो. दादाजींची हयात टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेली होती आणि तार असलेल्या कुठल्याही वस्तूवर आपला हक्क आहे असं ते मानत. "जयभीम," म्हणून ते आत आले, संगणकाच्या डब्याला त्यांनी हात लावला आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावल्यासारखा मागे घेतला.

"अरे, हा तर तापून राहिला गा! नागपूरची गर्मी माणसाले झेपत नाही, याले काय झेपंन? खोल याले."

खोलला. आत इतकी धूळ होती की तिच्यात तूर पेरता आली असती. दादाजींनी रंगाऱ्याचा ब्रश मागवून ती झाडली, पंख्याची पाती पुसली, आणि खरं सांगायचं तर त्याने संगणकाची घरघर बंद झाली. इथेच थांबायला हवं होतं. पण चांगला सल्ला देऊन झाल्यावर थांबणारा सल्लागार अजून जन्माला यायचा आहे. दादाजींनी संगणक उचलून थेट कूलरसमोर ठेवला. "आता पाह्य कसा पळते," म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मे महिन्यातला कूलर, नवीन वाळा, भरलेली टाकी. गार वाऱ्याबरोबर त्याने रात्रभर बारीक तुषार सोडले. सकाळी डबा सुखरूप होता, पण कीबोर्ड भिजून अर्धमेला झाला होता. त्याचं एन हे बटण तर कायमचं गेलं. नंदिनीच्या पासवर्डमध्ये तीन एन होते. त्या सकाळी ती टाकीवर सव्वा तास बसली आणि तो नवा कीबोर्ड घ्यायला सीताबर्डीवर दुकानं उघडायची वाट पाहत उभा राहिला. फोन मात्र दोघांनी ठेवला नाही. "दुकान उघडलं का?" ती विचारायची. "नाही." "मग बोला." असा तो सव्वा तास गेला.

खात्याची मदतवाहिनीही होती. तिच्यावर एक बाई अत्यंत प्रेमळ आवाजात सांगायची की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तेविसाव्या मिनिटाला खराखुरा माणूस आला. प्रशिकने अडचण सांगितली. त्याने विचारलं, "तुम्ही पोर्टलवर तक्रार नोंदवली का?" प्रशिक म्हणाला की पोर्टलच उघडत नाही. तो म्हणाला, "मग तीच तक्रार पोर्टलवर नोंदवा," आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी समोरच्या प्रेमिलाताई आल्या. त्या इतवारीतून साड्या आणून इंटरनेटवर विकत. स्वतःची वेबसाइट त्यांनी स्वतः बांधली होती आणि ती दोन सेकंदांत उघडते हे त्या नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगत. दादाजींसारखा त्यांनी डब्याला हात लावला नाही. खुर्चीवर बसल्या, पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"प्रशिकभाऊ, हे किती टॅब उघडे ठेवले तुम्ही? त्रेपन्न! इतके कोणी ठेवते का? मशीन बिचारी एकावेळी त्रेपन्न पानं डोक्यावर घेऊन चालून राहिली. हळू नाही चालंन तर काय करंन?"

"कामाचे आहेत," प्रशिक कसाबसा म्हणाला.

प्रेमिलाताई एकेक पाहू लागल्या आणि प्रशिकला जमिनीत गडप व्हावंसं वाटू लागलं. मोहटोल्याचं आजचं हवामान. मोहटोल्याचं पुढच्या दहा दिवसांचं हवामान. गडचिरोली आगाराचं एसटीचं वेळापत्रक. आकाशातून दिसणारा मोहटोल्याचा नकाशा, ज्यात एक पांढरा ठिपका होता आणि तो ठिपका म्हणजे ती पाण्याची टाकी असावी असा प्रशिकचा अंदाज होता. विंचू चावल्यास काय करावे. तोच नकाशा पुन्हा, आणखी जवळून. एकट्या माणसाला पुरेल असा प्रेशर कुकर. तोच नकाशा, इतक्या जवळून की काहीच कळत नव्हतं. चार वर्षांत त्याने हे टॅब उघडले होते आणि एकही बंद केला नव्हता, कारण बंद केल्यावर तिथे अंधार होईल असं त्याला काहीतरी वाटायचं. असली गोष्ट माणूस शेजारणीला सांगू शकत नाही.

प्रेमिलाताईंनी काही विचारलं नाही. "नकाशाचा एक ठेवते," एवढं म्हणाल्या आणि बाकीचे बंद केले. मग त्यांनी साठून राहिलेला ब्राउझरचा कचरा साफ केला, कुठून कुठून चिकटलेल्या पट्ट्या काढल्या, संगणक सुरू होताना आपोआप जागे होणारे नऊ प्रोग्राम झोपवले, ब्राउझर नवा केला आणि कपाटामागे टाकलेला वाय-फायचा डबा काढून टेबलावर आणला. "आणि हे पाहा, डिस्क गळ्यापर्यंत भरली आहे. फोटोच फोटो. पेन ड्राइव्हवर टाका, नको ते उडवा. थोडी जागा मोकळी ठेवा मशीनले."

कचऱ्याबरोबर प्रशिकचे सगळे साठवलेले पासवर्डही गेले आणि विजेच्या बिलापासून गॅसपर्यंत सगळीकडे त्याला आपण कोण ते नव्याने सिद्ध करावं लागलं, पण तो भाग सोडून देऊ.

फोटो काढायला तो रविवारी दुपारी बसला. लग्नाचेच चार हजार तीनशे होते. विहारातला पांढऱ्या साडीतला पहिला फोटो, त्यात नंदिनी कॅमेऱ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होती. त्याच्या लक्षात हे पाच वर्षांत आलं नव्हतं. पुढच्या फोटोतही ती त्याच्याकडेच बघत होती आणि तो फोटोग्राफरकडे बघून हसत होता. तीन तासांनी त्याने हिशेब केला. एकूण अकरा फोटो उडवले होते आणि अकराही जांभळ्या सफारीतल्या मामाचे होते. शेवटी त्याने पेन ड्राइव्ह आणून सगळेच तिकडे हलवले, आणि खुर्चीवरून उठल्यावर घर फार मोठं वाटलं. नंदिनी नसलेल्या घरात त्याला चार वर्षं करमलं नव्हतं. त्या दुपारी त्याला ते सरळ सोसवेना.

सातव्या सकाळी पोर्टल उघडलं. उघडलं म्हणजे असं, की बोट बटणावरून उठायच्या आत पान समोर हजर. ओटीपी नऊ सेकंदांत आला. नंदिनीने आकडे वाचले, त्याने टाकले, आणि आत प्रवेश मिळाला.

"झालं?" नंदिनी म्हणाली.

"झालं ना! एकदम फास्ट! अर्ध पान भरूनही टाकलं."

"हो का." टाकीवर वाऱ्याचा आवाज येत होता. "मी आज जरा सावलीत बसायले चटई आणली होती."

चाक फिरत होतं तोपर्यंत बोलायला चाळीस मिनिटं होती आणि आता साधा बहाणाही उरला नव्हता. "उद्या पूर्ण करतो," प्रशिक म्हणाला. उद्याला ढकलायचं काही कारण नव्हतं. तिने ते विचारलंही नाही.

आठव्या सकाळी मात्र त्याने मन घट्ट केलं. नंदिनीच्या नावाने आत शिरला, तिचा पत्ता, हुद्दा, सगळं भरलं. शेवटी एक प्रश्न होता : 'आपणांस जोडीदाराच्या ठिकाणी बदली हवी आहे काय?' त्यापुढे त्याने 'होय' टिचकावलं. जोडीदार कुठे आहे ते पोर्टल आपल्या दप्तरातून स्वतःच शोधणार होतं. मग पोर्टलने जोडीदाराचा अठरा आकडी सेवा क्रमांक मागितला. स्वतःचा सेवा क्रमांक कोणाला पाठ असतो? तो प्रशिकच्या स्वतःच्या खात्यात लिहिलेला होता. त्याने झटक्यात दुसरा टॅब उघडला, त्यात स्वतःच्या नावाने लॉगिन केलं, क्रमांक उचलला, पहिल्या टॅबवर आला, चिकटवला आणि 'सादर करा' दाबलं. एकूण टॅब दोन. प्रेमिलाताईंना दाखवायला हवं, असं त्याला वाटलं. पडद्यावर हिरवी खूण आली, अर्ज क्रमांक आला. त्याने तो टाकीवर वाचून दाखवला आणि नंदिनीने तळहातावर लिहून घेतला.

त्या आनंदात त्याने गल्लीत संत्रा बर्फी वाटली. दादाजींनी दोन तुकडे घेतले, एक धूळ झाडल्याचा आणि एक कूलरचा.

बदल्यांची यादी पुढच्या सोमवारी लागली. कार्यालयात ताराचंद म्हणून त्याच्या शेजारच्या टेबलावरचा कारकून होता, त्याने ती आधी पाहिली आणि मोठ्याने वाचली : "गजभिये प्रशिक. नागपूरहून मोहटोला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "काहून बे, कोणाशी भांडला का? शिक्षा दिली का तुले?"

प्रशिकने यादी तीनदा वाचली. नंदिनीचं नाव त्यात नव्हतंच. त्याने प्रेमिलाताईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एकाच ब्राउझरमध्ये दोघांचं लॉगिन केलं तुम्ही?"

"दोन टॅब होते ना! वेगवेगळे!"

"टॅब वेगळे दिसते भाऊ, पण मशीन आत एकच माणूस धरते. जो शेवटी आला तो. पहिल्या टॅबवर वहिनीचं नाव नुसतं दिसून राहिलं होतं, अर्ज गेला तुमच्या नावाने. जोडीदाराच्या रकान्यात तुमचाच नंबर होता, तो सोडून पोर्टलने दप्तरातल्या वहिनीले धरलं. दोघांसाठी दोन वेगळे ब्राउझर घ्यावं लागते."

म्हणजे प्रशिक गजभिये, जिल्हा मुख्यालय, नागपूर, यांनी स्वखुशीने विनंती केली होती की मला माझ्या जोडीदाराच्या ठिकाणी पाठवा. आणि खात्याने, जे आयुष्यात कधी कोणाचं ऐकत नाही, ते ऐकलं होतं.

अपमान इथे संपला असता तरी चाललं असतं. पण तीन वाजता मोठ्या साहेबांनी बोलावलं. प्रशिक आत गेला तर साहेब उभे राहिले. "गजभिये, मोहटोला मागून घेणारा माणूस मी बावीस वर्षांत पाहिला नाही. दुर्गम भागात सेवा करायची तळमळ! गुरुवारी तुमचा सत्कार ठेवला आहे. शाल, श्रीफळ, आणि दोन शब्द तुम्ही बोलायचे." प्रशिकने तोंड उघडलं, पण साहेबांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. तो 'हो' म्हणून बाहेर आला. तोवर ताराचंदने प्रशिकचं टेबल खिडकीजवळचं असल्यामुळे स्वतःकडे ओढून घेतलं होतं.

संध्याकाळी दादाजी येऊन गेले. सांत्वन करायचं की अभिनंदन ते त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी म्हणाले, "घराची चिंता नको करू गा. झाडाले पाणी मी टाकीन. पण तुले जायचंच आहे का?"

जायचंच नव्हतं. परिपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की आक्षेप तीन दिवसांत पोर्टलवर नोंदवता येईल. सकाळी साडेसहाला प्रशिक संगणकासमोर बसला. पोर्टल टिचकीसरशी उघडलं. 'आक्षेप नोंदवा' हे लाल बटण मधोमध चमकत होतं. एका बोटाचं काम होतं. मग पुन्हा वर्षभर थांबायचं, पुन्हा अर्ज करायचा, यावेळी दोन ब्राउझर वापरून. त्याने बटणावर बाण नेऊन ठेवला आणि सातला नंदिनीचा फोन लागायची वाट पाहत बसला. तिला यादीचं कळलेलं नव्हतं. ती टाकीवर चढेपर्यंत त्याने बोलायची वाक्यं जुळवली होती, पण ती फोनवर आल्यावर सगळं उलटसुलट बाहेर पडलं : दुसरा टॅब, मोठे साहेब, शाल, खिडकीजवळचं टेबल.



"हॅलो? नंदिनी?"

"आहे."

"तू काळजी नको करू. आक्षेपाचं बटण समोरच आहे. साइट एकदम फास्ट चालून राहिली. आत्ता दाबतो."

"दाबा ना मग."

बाण बटणावरच होता. बोट मात्र हलेना. चार वर्षांत तो मोहटोल्याला एकदाच गेला होता, तिला सोडायला, आणि दुसऱ्याच दिवशी उकाडा सहन होत नाही म्हणून परतला होता. तिने कधी तक्रार केली नाही. तिने यायचं आणि त्याने आणायचं, हे कोणी ठरवलं होतं ते त्याला आता सांगता आलं नसतं.

"दाबू का?" त्याने विचारलं. हे असं त्याने तिला पहिल्यांदाच विचारलं.

"नोकरी लागली तेव्हा मी म्हटलं होतं तुम्हाले," नंदिनी म्हणाली. "म्हटलं, तुम्हीच या ना इकडे, दोघं राहू. आठवते का?"

"आठवते."

"तुम्ही हसले होते."

"हो."

"आता हसून राहिले का?"

"नाही," प्रशिक म्हणाला. "नाही वं."

टाकीखाली कुणीतरी बादली भरत असावं, पाण्याचा आवाज येत होता. प्रशिकने माऊसवरून हात काढला आणि पोर्टल बंद केलं.

"सात दिवसांत हजर व्हायचं आहे," तो म्हणाला. "काय काय आणू सांग. गाडीत बसंन तेवढं घेऊन येतो."

"काही नको. इथं सगळं आहे." मग, इतक्या हळू की त्याला फोन कानाला दाबून धरावा लागला, म्हणाली, "फक्त उशी आणा तुमची. माझ्याकडे एकच आहे."